गर्भाशयाचा डाय-एक्स-रे: ‘नळ्या बंद’ लिहिण्याआधी काय काय करायचं

‘दोन्ही नळ्या बंद’ असा रिपोर्ट घेऊन आलेल्या बायकांची तपासणी पुन्हा सावकाश केली, तर त्यांतल्या बऱ्याच जणींच्या बीजवाहक नळीतून डाय, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारं औषध, सरळ निघून पोटात पसरतो. नळी आधीही उघडीच होती. पहिल्या वेळी दिवस चुकला होता, डाय गार होता, हात घाईत होता किंवा फिल्म चुकीच्या क्षणी घेतली होती. त्या एका शब्दावर मात्र घरात दुसऱ्या लग्नाची भाषा सुरू झालेली असते, नाहीतर टेस्ट ट्यूब बेबीसाठी शेत गहाण टाकायची.

म्हणून एचएसजीचा, म्हणजे गर्भपिशवीत डाय सोडून काढायच्या एक्स-रेचा, हा क्रम सविस्तर लिहिते आहे. तालुक्याच्या गावी नव्यानं सेंटर सुरू केलेले डॉक्टर, एक्स-रे टेक्निशियन आणि टेबलाशी उभ्या राहणाऱ्या सिस्टर यांच्यासाठी तो आहे. तपासणीला निघालेल्या ताईंनी टप्पा १, २ आणि शेवटचा टप्पा जरूर वाचावा. औषधांचे डोस दिले आहेत ते डॉक्टरांसाठी. घरी कुणी स्वतःहून घ्यायचे नाहीत.

टप्पा १: दिवस ठरवणं

सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, आणि त्या मशीनपाशी पोचण्याआधीच झालेल्या असतात.

पाळीचा अंगावर नीट जायला लागलेला पहिला दिवस हा पहिला दिवस. तिथून मोजून सातव्या ते दहाव्या दिवसात एचएसजी करायची. रक्तस्राव पूर्ण थांबलेला हवा आणि बीज फुटायची वेळ अजून लांब हवी. या दिवसांत पिशवीचं अस्तर पातळ असतं. नळीच्या तोंडाशी अस्तर फुगलेलं नसतं, रक्ताच्या गाठी गेलेल्या असतात आणि गर्भ राहिलेला असण्याची शक्यता अगदी कमी असते.

आपल्याकडं मोजणी फसते ती न्हाणीघरात. ‘कावळा शिवला’ तो दिवस बायका धरत नाहीत. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन घरात आल्या की तिथून मोजतात. ‘नववा दिवस हाय मॅडम’ म्हणून आलेली बाई खरं तर बाराव्या दिवसावर असते. काही जणी रक्तस्राव थांबला त्या दिवसापासून मोजतात. त्यामुळं ‘कितवा दिवस?’ एवढाच प्रश्न विचारू नका. विचारा, ‘ताई, अंगावर जायला सुरुवात झाली तो वार कोणता? त्या दिवशी बाजार होता का? एकादशी होती का?’ तारीख आठवत नसली तरी बाजाराचा वार आणि एकादशी पक्की आठवते. समोरच्या कॅलेंडरवर आपण मोजायचं.

पाळी २४-२५ दिवसांनी येत असेल तर दहाव्याची वाट पाहू नका, रक्त थांबलं की सहाव्या-सातव्या दिवशीच बोलवा. पाळी सुरू झाल्यापासून तपासणी होईपर्यंत नवरा-बायकोंनी संबंध टाळायचे. हे वाक्य सासूसमोर नाही, एकटीला बाजूला घेऊन सांगायचं. नाहीतर ती फक्त मान हलवते.

बीड, धारूर, वडवणीकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचा वेगळा विचार करावा लागतो. दिवाळीच्या सुमारास टोळी कारखान्यावर गेली की ती बाई थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परत येते. ‘पुढच्या महिन्यात या’ याचा तिच्यासाठी अर्थ ‘पुढच्या वर्षी’ असा होतो. अशा बाईला निघतानाच फोन नंबर लिहून द्या आणि पाळी आली त्याच दिवशी फोन करायला सांगा. फोन आला की आपण दिवस मोजून तारीख द्यायची, आणि तो दिवस आपल्याकडून चुकवायचा नाही.

तपासून घ्या: मागची पाळी नेहमीपेक्षा कमी गेली का? उशिरा आली का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर आधी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट. गर्भ राहिल्यावर होणारा थोडा रक्तस्राव पाळी म्हणून सांगितला जातो. शंका असताना डाय सोडायचा नाही.

टप्पा २: ही तपासणी आज हिची करायची का

आधी नवऱ्याचा वीर्य तपासणीचा रिपोर्ट बघा. तो नसेल तर मी एचएसजीची तारीख देत नाही. साध्या बरणीत होणारी तपासणी टाळून बायकोला टेबलावर चढवणं मला पटत नाही. त्या रिपोर्टवर पुढचा मार्गच बदलणार असेल तर एचएसजी लागणारही नाही.

खालीलपैकी काही असेल तर आज तपासणी नाही:

- अंगावरून वास येणारं पांढरं जातंय, ओटीपोटात दुखतंय, ताप आहे. जंतुसंसर्ग असताना डायच्या दाबानं जंतू नळीतून पोटात ढकलले जातात. आधी उपचार, मग तारीख.
- रक्त अजून जातंय.
- पिशवी साफ केल्याला किंवा पिशवीच्या ऑपरेशनला सहा आठवडे झालेले नाहीत.
- आधी कधी सीटी स्कॅनच्या किंवा तशाच डायनं जोराची रिअॅक्शन आली होती.
- थायरॉइड वाढलेला आहे आणि औषध सुरू नाही.
- जननमार्गाच्या टीबीचा दाट संशय आहे किंवा त्याचे उपचार सुरू आहेत. इथं आधी स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला.

डायची ‘टेस्ट’ म्हणून कातडीत थेंब टोचायची पद्धत अजून काही ठिकाणी चालते. तिच्यावरून पुढं रिअॅक्शन येईल की नाही ते कळत नाही. उलट ‘टेस्ट केली, काही झालं नाही’ या भरवशावर लोक इमर्जन्सी ट्रे भरायचा विसरतात. आधी डाय दिला होता का, दमा आहे का, कोणत्या औषधानं अंगावर गांधी उठल्या का, हे विचारणं त्याहून कामाचं.

उपाशी पोटी बोलवू नका. भूल नाही, गुंगीचं इंजेक्शन नाही, मग उपास कशासाठी? पहाटेची एसटी पकडून, पाण्याचा घोट न घेता, एप्रिलच्या उन्हात दोन तास उभ्यानं आलेली बाई टेबलावर चक्कर येऊन पडते आणि दोष डायला दिला जातो. हलकी न्याहारी करून यायला सांगा. मार्गशीर्षातला गुरुवार, चतुर्थी, नवरात्र असेल तर आधीच विचारा, म्हणजे दिवस मागंपुढं करता येतो किंवा निदान दूध-केळी तरी खाऊन ये म्हणता येतं.

दुखणं कमी व्हावं म्हणून तपासणीच्या एक तास आधी, खाल्ल्यावर, आयब्युप्रोफेन ४०० मि.ग्रॅ.; अॅसिडिटीचा अल्सर किंवा त्या गोळीची अॅलर्जी नसेल तरच. गोळी टेबलावर चढताना देऊन उपयोग नाही. तिचा असर सुरू होईपर्यंत काम उरकलेलं असतं.

टप्पा ३: ट्रे

ट्रे बाई आत यायच्या आधी मांडून झाकलेला हवा. तिच्या समोर ‘ते दे, हे कुठंय’ सुरू झालं की तिचे पाय आखडतात. पाय आखडले की आतलं सगळंच आखडतं.

ट्रेमध्ये हवं ते असं: योनिमार्ग उघडा धरायचं कस्को स्पेक्युलम, एक लहान आणि एक मध्यम, जिला मूल झालेलं नाही तिला लहानच. स्पंज होल्डिंग फोर्सेप. टेनॅक्युलम, म्हणजे एका दाताचा चिमटा. जाड दातांचा व्हल्सेलम इथं नको, रक्त जास्त येतं. युटेराइन साउंड, म्हणजे पिशवीची खोली मोजायची काडी. पोव्हिडोन आयोडीन, गॉज, निर्जंतुक चादरी, १० आणि २० मि.ली.च्या सिरिंज, नॉर्मल सलाइन. आणि डाय आत सोडायची नळी, म्हणजे कॅन्युला.

कॅन्युलाचे आपल्याकडं तीन प्रकार वापरात दिसतात.

*धातूची कॅन्युला.* पुढं शंकूसारखा रबरी किंवा धातूचा बोंडा असतो, तो पिशवीच्या तोंडावर घट्ट बसतो. लीच-विल्किन्सन जातीला पेच असतो, ती फिरवून बसवायची. पुन्हा पुन्हा वापरता येते आणि पिशवी ओढून सरळ करायला पकड चांगली मिळते. वापरल्यावर लगेच सिरिंजनं पाणी मारून आतली नळी धुतली नाही, तर डाय आणि रक्त आत वाळून बसतं. पुढच्या वेळी डाय जात नाही आणि आपल्याला वाटतं पिशवीच अडली. धुऊन, गुंडाळून ऑटोक्लेव्ह: १२१ अंश, १५ पौंड दाब, ३० मिनिटं. रबरी बोंडा झिजला की बदला, झिजलेल्या बोंड्याच्या बाजूनं डाय गळतोच.

*एचएसजीचा बलून कॅथेटर*, ५ फ्रेंचचा. दुखणं कमी, टेनॅक्युलम बऱ्याचदा लागतही नाही. महाग आहे आणि एकदाच वापरायचा आहे. ग्लुटारल्डिहाइडमध्ये बुडवून दुसऱ्या बाईला वापरणं बंद करा.

*८ नंबरचा फोलीज.* आपल्या भागात स्वस्त आणि सगळीकडं मिळणारा म्हणून हाच जास्त चालतो, आणि नीट वापरला तर उत्तम काम देतो. लघवीसाठीचा आहे, त्यामुळं टोक मऊ असतं आणि आत सरकवायला फोर्सेपचा आधार लागतो. फुग्यावर ३ मि.ली. लिहिलेलं असतं म्हणून ३ भरायचे नाहीत. १ ते दीड मि.ली. सलाइन पुरे. पिशवीच्या पोकळीत एरवी ३ ते ५ मि.ली.च मावतं. त्यात ३ मि.ली.चा फुगा फुगवलात तर बाई कळवळते, पिशवी आखडते आणि नळीची तोंडं मिटतात. मग आपण लिहितो, ‘बंद’.

डाय पाण्यात मिसळणारा, नॉन-आयॉनिक, आयोहेक्झॉल ३०० किंवा त्याच्या जोडीचा. जुना युरोग्राफिन चालतो, पण पोटात पसरल्यावर तो जास्त झोंबतो. तेलकट डाय, म्हणजे लिपिओडॉल, याच्याबद्दल नवे डॉक्टर नेहमी विचारतात. नेदरलँड्समध्ये १,११९ स्त्रियांवर झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तेलकट डाय वापरलेल्या गटात ३९.७ टक्के स्त्रियांना गर्भ राहून टिकला, पाण्याच्या डायच्या गटात २९.१ टक्के. फरक खरा आहे. पण तेल रक्तवाहिनीत शिरलं तर धोका मोठा, आणि त्यातलं आयोडीन शरीरात महिनोन्‌महिने राहून थायरॉइड बिघडवू शकतं. समोर पडद्यावर चालू एक्स-रे चित्र (स्क्रीनिंग) दिसत नसेल तिथं तेलकट डायला हात लावू नका.

डाय कोमट करा. परभणीच्या डिसेंबरात कपाटातली बाटली हाताला बर्फासारखी लागते, आणि तो डाय तसाच आत गेला की पिशवी आवळून बसते. बंद बाटली ३७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात १५ मिनिटं ठेवा. मनगटावर धरली तर ना गार ना गरम वाटली पाहिजे. मायक्रोवेव्ह नको, उकळतं पाणी नको.

सावधान: इमर्जन्सी ट्रे शेजारी हवा, कपाटात नको. अॅड्रेनॅलिन, अॅट्रोपिन, हायड्रोकॉर्टिसोन, ऑक्सिजन, सलाइनचा सेट. ऑक्सिजनचा कॉक त्या दिवशी सकाळी फिरवून बघा.

टप्पा ४: खोली आणि मशीन

सी-आर्म किंवा फ्लोरोस्कोपी, म्हणजे पडद्यावर चालू चित्र दाखवणारं एक्स-रे मशीन, असेल तर ट्यूब टेबलाखाली, इमेज इंटेन्सिफायर वर आणि पोटाच्या शक्य तितका जवळ. पल्स मोड, कमीत कमी पल्स. कॉलिमेशन, म्हणजे किरणांचा झोत, ओटीपोटापुरतं. पाय पॅडलवर ठेवून गप्पा मारायच्या नाहीत. शेवटचं चित्र पडद्यावर थांबतं, ते बघून बोला.

साधं एक्स-रे मशीनच असेल तरी एचएसजी होते. ग्रिड, ७० ते ८० केव्ही, आणि टेक्निशियन व डाय सोडणारे डॉक्टर यांचं टायमिंग. डाय पूर्ण सोडून, सिरिंज ठेवून, मग ‘हं, घ्या’ म्हटलं तर तोवर डाय मागं गळून गेलेला असतो. शेवटचे १-२ मि.ली. सोडत असतानाच एक्सपोजर झालं पाहिजे. दोघांनी आधी एकदा बिनडायची रंगीत तालीम करा. मी अजूनही नव्या टेक्निशियनबरोबर करते.

लेड अॅप्रन सगळ्यांना, थायरॉइड शिल्ड डाय सोडणाऱ्याला, किरणांचा डोस मोजणारा टीएलडी बॅज अॅप्रनच्या आत. मशीनला एईआरबीची, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची, परवानगी हवी. हे सगळ्यांना माहीत असतं, पाळलं कमी जातं.

लाइटचं बघून घ्या. इन्व्हर्टरवर दिवे चालतात, मशीन चालत नाही. गावातली लाइट जायची वेळ ठरलेली असेल तर त्याच्या अर्धा तास आधी कॅन्युला घालायला घेऊ नका.

तपासून घ्या: शिशाचा ‘आर’ मार्कर बाईच्या उजव्या बाजूला लावला का? सी-आर्मवर चित्र उलटं फिरवलेलं राहतं, मार्कर नसतो आणि उजवी नळी डावी होते. पुढं दुर्बिणीच्या (लॅपरोस्कोपीच्या) वेळी सर्जन चांगल्या नळीकडं बघत बसतो.

टप्पा ५: बाई टेबलावर

लघवीला जाऊन आली का, हे विचारा. भरलेलं मूत्राशय पिशवीला मागं ढकलतं आणि चित्र बिघडवतं.

संमतीपत्र तिला कळेल अशा बोलीत वाचून दाखवा. नवऱ्याची सही आहे म्हणून तिची नको, असं होत नाही. खोलीत एक बाई माणूस तिच्या डोक्याशी उभी हवी. सिस्टर, मावशी किंवा तिची बहीण (बहीण असेल तर अॅप्रन घालून, आणि तिला स्वतःला दिवस गेलेले नाहीत हे विचारून). सगळ्या एचएसजीत सर्वांत गुणकारी साधन कोणतं, तर डोक्याशी उभ्या असलेल्या मावशीचा हात. ‘आता गार लागंल हं बाय. आता पाळीसारखं दुखंल, धा आकडे मोज.’ एवढं सांगत राहिलं की अर्ध्या बायकांचं आखडणं कमी होतं. जे होणार आहे ते होण्याआधी सांगा. ‘काही दुखणार नाही’ असं खोटं सांगू नका. पहिल्या कळेला तिचा विश्वास उडतो आणि मग काहीच नीट होत नाही.

सुरुवातीला एक साधी फिल्म घ्या, डाय न सोडता. ती वाचवायच्या मोहात पडू नका. ओटीपोटातल्या चुन्याच्या गाठी, विसरलेली कॉपर-टी, गाठ, आतड्यातली घाण हे सगळं डाय गेल्यावर झाकलं जातं किंवा डायच वाटतं.

टप्पा ६: कॅन्युला बसवणं

१. हातानं तपासून पिशवी पुढं झुकलेली आहे की मागं, हे ठरवा. कॅन्युलाची दिशा त्यावर.

२. स्पेक्युलम कोमट सलाइननं ओलं करून घाला. पिशवीचं तोंड पूर्ण दिसलं पाहिजे. तोंडं दोन तर नाहीत ना, हेही बघा. दुसरं तोंड नजरेतून सुटलं तर अर्धीच पिशवी भरते आणि एकशिंगी पिशवी असल्याचा चुकीचा रिपोर्ट जातो.

३. तोंड आणि योनिमार्ग पोव्हिडोन आयोडीननं दोनदा पुसा. पू किंवा दुर्गंधी दिसली तर इथंच थांबा. बाई लांबून आली आहे म्हणून पुढं जायचं नाही.

४. टेनॅक्युलम लागणार असेल तर तोंडाच्या वरच्या ओठावर, तिला खोकायला सांगून, हळूहळू मिटवा. कटकन मिटवलं की तिला घाम फुटतो.

५. आता हवा काढा. ही पायरी अक्षरशः निम्मे लोक वगळतात. सिरिंज उभी धरा, नखानं टिचक्या मारा, बुडबुडे वर जमू द्या, बाहेर ढकला. मग कॅन्युलाचं टोक वर धरून टोकातून डायचा थेंब डोकावेपर्यंत दट्ट्या पुढं करा. त्या थेंबासोबत शेवटचा बुडबुडा फुटताना दिसतो. तो फुटलेला पाहिल्याशिवाय टोक आत घालायचं नाही. आत गेलेली हवा चित्रात गोल काळा ठिपका म्हणून दिसते आणि पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा कोंब, म्हणून लिहिली जाते.

६. कॅन्युला बसवा, किंवा कॅथेटर आत सरकवून फुगा सावकाश भरा आणि हलकेच मागं ओढून अडकला का बघा.

७. धातूचं स्पेक्युलम काढून घ्या. ते आत राहिलं तर पिशवीचं तोंड आणि खालचा भाग त्याच्या सावलीत जातो.

८. टेनॅक्युलम किंवा कॅथेटर स्थिर, हलक्या ताणात धरा. पुढं झुकलेली पिशवी ताणाशिवाय समोरून नाही, टोकाकडून दिसते, आणि त्रिकोणाऐवजी आखूड ठिपका मिळतो.

सावधान: चेहरा पांढरा पडला, घाम आला, नाडी मंद झाली, तर तो बहुतेक पिशवीच्या तोंडावर आलेल्या ताणाचा परिणाम असतो. काम थांबवा, फुगा सोडा, पाय वर करा. नाडी मंदच राहिली तर अॅट्रोपिन ०.६ मि.ग्रॅ. शिरेतून. अंगावर गांधी, घरघर, ओठ सुजणं, रक्तदाब पडणं ही अॅलर्जी. तिथं अॅड्रेनॅलिन ०.५ मि.ग्रॅ. मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत, लगेच. दोन्हींत गल्लत करू नका.

टप्पा ७: डाय आणि फिल्म

इथं हात सावकाश हवा. एक मि.ली. सोडायचा, थांबायचं, बघायचं.

*पहिली फिल्म* १ ते २ मि.ली. गेल्यावर. डाय पातळ असतानाच लहान पॉलिप, चिकटलेले पडदे, छोटी गाठ दिसते. पूर्ण भरलेल्या पोकळीत ती बुडून जाते. ही फिल्म वगळून थेट ‘फुल’ घेण्याची सवय फार पसरली आहे.

*दुसरी* पोकळी भरल्यावर. रुंद बाजू वर, टोक खाली असा त्रिकोण, कडा गुळगुळीत.

*तिसरी* नळ्या भरताना. मधला भाग दोऱ्यासारखा बारीक, पुढं तो रुंद होत जातो. एकमेकींवर आल्या असतील तर बाईला थोडं कुशीवर वळवून तिरकी घ्या.

*चौथी* डाय बाहेर सांडल्यावर. आतड्यांच्या वळशांमधून धुरासारखा पसरलेला डाय म्हणजे मोकळा स्पिल. नळीच्या टोकाशी गोळा होऊन थांबला असेल तर अजून निर्णय देऊ नका.

*पाचवी* सगळं काढल्यावर. फुगा सोडून कॅथेटर मागं घेताना एक चित्र घ्या. तोवर फुग्याखाली झाकलेला पिशवीचा खालचा भाग आणि तोंडाची नलिका त्यातच दिसते. त्यानंतर बाईला दहा-पंधरा मिनिटं फिरू द्या आणि एक उशिराची फिल्म घ्या. तोपर्यंत मोकळा डाय पसरून जातो. सुजलेल्या नळीत किंवा चिकटलेल्या कप्प्यात अडकलेला तिथंच, तसाच राहतो.

एकूण डाय बहुधा १० ते २० मि.ली. याहून जास्त लागतोय म्हणजे बाजूनं गळतोय. बोंडा किंवा फुगा तपासा.

सावधान: पिशवीभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा उमटल्या आणि डाय वर शिरांकडं पळाला, तर तो रक्तवाहिन्यांत शिरतोय. लगेच दट्ट्या थांबवा. पाण्याचा डाय असेल तर तो क्षणात विरून जातो आणि सहसा अपाय होत नाही. पण अशी फिल्म नळी किंवा स्पिल समजून वाचली गेलेली मी पाहिली आहे.

टप्पा ८: डाय पुढं जात नाही तेव्हा

हाच तो क्षण. नवीन माणूस इथं जोर लावतो. जोर लावला की पिशवी आणखी आवळते, शिंगाशी, म्हणजे पिशवीच्या वरच्या कोपऱ्याशी, असलेलं नळीचं तोंड आणखी मिटतं आणि डाय शिरांत घुसतो.

क्रम असा ठेवा. दट्ट्या सोडा. फुगा मोठा वाटत असेल तर अर्धा करा. बाईला लांब श्वास घ्यायला सांगा आणि घड्याळ लावून दोन-तीन मिनिटं थांबा. अंदाजानं थांबलात तर तीस सेकंदच होतात. पुन्हा अगदी हलक्या हातानं डाय. तरी नाही गेला तर हायोसिन ब्युटिलब्रोमाइड २० मि.ग्रॅ. शिरेतून, सावकाश, काचबिंदू किंवा हृदयाची धडधड असलेल्यांना नाही. पाच-दहा मिनिटं थांबून पुन्हा. बाईला कुशीवर किंवा पालथं वळवून बघा, कधी कधी तेवढ्यानंच मोकळं होतं.

आखडलेल्या नळीचं चित्र ओळखता येतं का? पूर्ण खात्रीनं नाही. शिंग गोल, गुळगुळीत थांबलेलं असतं, पण खऱ्या अडथळ्याचंही तसं दिसू शकतं. म्हणून शिंगाशी थांबलेल्या नळीबद्दल रिपोर्टमध्ये ‘या तपासणीत भरली नाही, आखडणं किंवा अडथळा, पुन्हा एचएसजी किंवा दुर्बिणीतून डाय टेस्ट सुचवते’ असं लिहा. ‘बंद’ हा शब्द एकटा लिहू नका. सुरुवातीच्या वर्षांत मी स्वतः एका बाईला ‘दोन्ही बंद’ असं दोन शब्दांत लिहून दिलं होतं. सहा महिन्यांनी दुर्बिणीत निळा डाय दोन्ही बाजूंनी वाहिला. ती मुद्दाम येऊन तो कागद माझ्या टेबलावर ठेवून गेली, बोलली काहीच नाही. त्या दिवसापासून भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे.

टप्पा ९: वाचताना फसवणाऱ्या चार गोष्टी

बुडबुडा आणि पॉलिप. बुडबुडा जागा बदलतो, आणखी डाय सोडला की सरकतो किंवा बाहेर जातो. पॉलिप तिथंच राहतो.

दुभंगलेली पोकळी. दोन शिंगं दिसली की मध्ये पडदा आहे की पिशवीच दोन शिंगांची आहे, हे एचएसजी सांगू शकत नाही, कारण पिशवीची बाहेरची कड एक्स-रेत दिसतच नाही. थ्री-डी सोनोग्राफी किंवा एमआरआय सुचवा. पडद्याचं ऑपरेशन वेगळं, दोन शिंगांना बहुतेक वेळा ऑपरेशनच नको.

टीबी. आपल्या भागात हा डोळ्यांसमोर ठेवूनच फिल्म वाचायची. मण्यांच्या माळेसारखी तुटक नळी, ताठ पाइपासारखी नळी, टोकाशी गोल्फच्या काठीसारखी फुगलेली नळी, आक्रसून टी अक्षरासारखी झालेली पोकळी, साध्या फिल्मवर चुन्याच्या गाठी. असं दिसलं तर ‘टीबीशी सुसंगत’ एवढंच लिहा. नुसत्या एचएसजीवर टीबीची गोळी सुरू होऊ नये. अस्तराचा तुकडा पॅथॉलॉजी, कल्चर आणि सीबीनॅटला, म्हणजे टीबीचे जंतू शोधणाऱ्या टेस्टला, जायला हवा.

फुगलेली नळी. डाय आत जमतो, सांडत नाही, उशिराच्या फिल्मवरही गोळ्यासारखा राहतो. अशी नळी दिसली तर संसर्गाचा धोका वाढतो. त्याच दिवशी डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. दोन वेळा, पाच दिवस द्यावं लागतं. ही गोष्ट रिपोर्टच्या पाकिटात बंद करून ठेवू नका, पाठवणाऱ्या डॉक्टरांना फोन करा.

टप्पा १०: तपासणी झाल्यावर

अर्धा तास बसवून ठेवा. चहा, बिस्किट द्या. लगेच एसटी स्टँडवर पाठवू नका. उठल्यावर चक्कर येते ती बहुधा पायऱ्या उतरताना.

तिला आणि सोबत आलेल्याला, दोघांनाही सांगायचं: एक-दोन दिवस थोडं रक्त आणि चिकट डाय जाईल, पॅड वापरा. पाळीसारखं दुखेल, ते दुसऱ्या दिवशी उतरेल. ताप १००.४ अंशांच्या वर गेला, दुखणं वाढत चाललं, वास येणारं पाणी गेलं किंवा पाळीहून जास्त रक्त गेलं तर थांबायचं नाही. गावातल्या डॉक्टरकडून तापाची गोळी घेऊन दिवस ढकलायचे नाहीत, त्याच दिवशी जवळच्या सरकारी किंवा मोठ्या दवाखान्यात जायचं आणि ‘चार दिवसांपूर्वी पिशवीत डाय सोडला होता’ हे आधी सांगायचं. कागदावर तपासणीची तारीख, डायचं नाव आणि किती मि.ली. सोडला ते लिहून द्या, म्हणजे रात्री अंबाजोगाईच्या किंवा संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्यात जावं लागलं तर तिथल्या डॉक्टरांना विचारत बसावं लागणार नाही.

फिल्म सगळ्या द्या, फक्त रिपोर्ट नको. साधी, सुरुवातीची, भरलेली, सांडलेली, उशिराची. प्रत्येकीवर नाव, तारीख, बाजूचा मार्कर आणि किती मिनिटांनी घेतली तो आकडा.